अर्ध्यात उठणारा

गजा, तुझ्या तेरवीला मी पोटभर जेवलो. वांग्याची भाजी तुझ्याच वावरातली होती, दोनदा वाढून घेतली. तू पंगतीत असतास तर मागून टपली मारून म्हणाला असतास, "हळू खा बे मध्या, तेरवी हाये माही, लगन नाई." तुझा आवाज इतका जवळून आला की मला हसू फुटलं. शेजारी तुझे सासरे बसले होते, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून बुंदी संपवली.

जेवणं उरकल्यावर सुनंदावहिनी मला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. एका भिंतीला तुझे लग्नाच्या शूटिंगचे स्टँड, छत्र्या, गुंडाळून ठेवलेल्या वायरी. दुसऱ्या भिंतीला फळीवर मातीची माणसं, एकाचं डोकं निराळं ठेवलेलं. त्यांनी कॉम्प्युटर चालू केला आणि मला जे दाखवलं, ते तुला कितीतरी वर्षांपासून माहीत होतं. त्याबद्दलच लिहायला बसलोय. पण मला मुद्द्यावर यायला वेळ लागतो. फोनवर तू म्हणायचास, "तुहं गाडं घाटात अडकलं का रे?" अडकू दे जरा.

चिखलीच्या टॉकीजमध्ये आपण इतके पिच्चर पाहिले आणि त्यातल्या एकाचाही शेवट पाहिला नाही, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. चित्रपट महोत्सवात काम करणाऱ्या माणसाला ते शोभत नाही. आपल्या गावाला, उंद्रीला, जाणारी शेवटची मुक्कामी गाडी आपल्यासाठी थांबणार नव्हती, आणि ती चुकली तर माझे वडील दुकान बंद करून पायरीवर बसून राहतील, हे मला पडद्यापेक्षा जास्त स्पष्ट दिसायचं. नायक खांबाला बांधलेला असायचा, खलनायक हसत असायचा, आणि मी तुझी बाही ओढायचो.

"चाल बे, गाडी जाईन."

"पाच मिनिटं थांब न. आता सुटते तो."

"गाडी जाईन, गजा."

"बसा नं खाली, पोट्टेहो!" मागून कुणीतरी ओरडायचं. मग आपण वाकून, लोकांच्या गुडघ्यांना धडका देत बाहेर पडायचो.

गाडीत मागच्या बाकावर, जिथे सगळ्यात जास्त हादरे बसतात तिथे, तू राहिलेला पिच्चर सांगायचास. तुझ्या शेवटात नायकाची आई कधी मरायची नाही. एका खलनायकाला तू आठवडी बाजारात मिरची विकायला बसवलंस, आणि नायक त्याच्याशी मिरचीच्या दरावरून घासाघीस करत होता. कंडक्टर तिकिटं द्यायचं थांबून विचारायचा, "मंग?" तू म्हणायचास, "मंग काय, माफी मांगतली त्यानं." त्यातले काही पिच्चर मी पुढे पुण्यात पूर्ण पाहिले. तुझेच शेवट बरे होते.

आषाढी झाली की आपल्याकडे लग्नं थांबतात, ती तुळशीच्या लग्नापर्यंत. तेवढे महिने तुझ्या मामाचा शूटिंगचा कॅमेरा कपाटात पडून असायचा. अकरावीच्या वर्षी तू तो मागून आणलास. त्याच्या थोडे दिवस आधी आमच्या किराणा दुकानातल्या टीव्हीवर, दोन कार्यक्रमांच्या मधली जागा भरायला, एक चिमुकली फिल्म लागली होती. मातीचा एक माणूस शिडी चढत होता. मी म्हणालो, आत काहीतरी मशीन असणार. तू गिऱ्हाइकांच्या मागे उभा राहून पाहत होतास. म्हणालास, "मशीन कायचं बे. कोनीतरी हालवते त्याले. आपल्याले दिसत नाई, एवढंच."

आपण पोळ्याचा बैल करायचं ठरवलं. तो पाटावरून चालत निघणार आणि आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली जाऊन उभा राहणार, एवढीच गोष्ट. कुंभाराची माती आणायला कोण जाणार, म्हणून तुमच्या वावरातली काळी माती भिजवली. मामाचा लग्नातला हॅलोजन लावला. बैल एक बोटभर सरकवायचा, हात काढायचा, बटण दाबून लगेच सोडायचं, परत सरकवायचा. उन्हाळ्यात काळ्या रानाला पडणाऱ्या भेगांत ज्यांचे पाय अडकले अशी आपण पोरं, आणि त्या दिव्याखाली ही माती तडकणार हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

बैल अर्ध्या पाटावर आला आणि त्याचं शिंग पडलं. मग पाठ उलली, मधोमध भेग पडली. तुझी माय मधेच हळद-कुंकू घेऊन आली. पोळ्याच्या दिवशी घरातला बैल पूजेवाचून कसा ठेवायचा, मग तो पिच्चरमधला का असेना. तू ओरडलास, "माय, शूटिंग चालू हाये!" ती म्हणाली, "चालू राहू दे. मी काई त्याले धरून ठेवत नाई." तोरणापाशी पोचेपर्यंत मान गळायला लागली, म्हणून मी खालून हात धरला आणि तू घाईत बटण दाबलंस.

दुकानातल्या टीव्हीला कॅमेरा जोडून आपण ते पाहिलं. निघाला तेव्हा बैल तरणा होता. वाटेत त्याच्या कपाळावर आपोआप कुंकू उमटलं. पोचला तेव्हा एक शिंग नव्हतं, अंगभर भेगा होत्या. आणि शेवटी, झटकन, त्याच्या मानेखाली माझा हात, यात्रेत घेतलेलं तांब्याचं कडं घातलेला. मला इतकी लाज वाटली! तुझी माय मात्र पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "म्हातारा झाला माय, बैल." हातभर मातीच्या गोळ्यासाठी एक बाई रडत होती. पुढचं माझं सगळं आयुष्य त्या दुकानातून निघालं, गजा. हे तुला सांगायचं राहिलं.

तेव्हापासून आपलं भांडण. मी म्हणायचो, हात काढून टाक, हात दिसला की खोटं उघडं पडतं. तू म्हणायचास, "पडू दे न. कोनीतरी हालवून राह्यलं हे साऱ्यायले माहीत हाये. मंग लपवाचं काऊन?" दिवाळीनंतर मामाने त्याच कॅसेटवर कुणाचंतरी लग्न घेतलं, बैल पुसला गेला आणि भांडणाला पुरावाच राहिला नाही. म्हणून बहुतेक ते मिटलं नाही. मी पुण्यातून आणि तू कुठल्यातरी मांडवातून, मागे बँड वाजत असताना, आपण त्या हातावरून फोनवर वाद घालत राहिलो.

पुण्यात मी शिकायला गेलो तो कॉमर्स. पहिल्याच महिन्यात वर्गात "मले" म्हणालो आणि बाकं हसली. मी बोलणंच बंद केलं. पुन्हा बोलायला लागलो तेव्हा "मला" म्हणत होतो. अंधारात बसायला मिळतं आणि कुणी काही विचारत नाही, म्हणून फिल्म सोसायटीत जायला लागलो. तिथून एका महोत्सवात दाराशी पास तपासायचं काम मिळालं, मग फिल्मच्या रिळांचे डबे उचलायचं, मग पाहुण्यांना स्टेशनवरून आणायचं. अॅनिमेशनचा विभाग कुणालाच नको असायचा. लहान मुलांचं ते, सकाळी उरकून टाका, म्हणत. सगळ्यात नवा मी, म्हणून तो माझ्या गळ्यात पडला.

ती माणसं मला पहिल्या दिवसापासून ओळखीची वाटली. चार मिनिटांच्या फिल्मसाठी चार वर्षं घालवणारी, डोळे लाल, नखांत माती. एकमेकांना नावाने नाही तर फिल्मने ओळखतात: ही कोळ्यांची बाई, तो पावसाचा म्हातारा. जेवायला बसले की ताटातल्या भाताचं काहीतरी करत बसतात. त्यांनी मला सामावून घेतलं. आधी मी डब्यांवरच्या चिठ्ठ्या लिहायचो, मग माहितीपत्रक, मग फिल्मांची निवड माझ्याकडे आली. पुढे बाहेरच्या देशांतल्या महोत्सवांनीही बोलावलं. तिथल्या हॉटेलांतून मी तुला फोन करायचो आणि तू विचारायचास, "जेवाले काय भेटते रे तिथी?"

त्या सगळ्या ठिकाणी मी पुसल्या गेलेल्या बैलाची गोष्ट सांगायचो. लोक पोट धरून हसायचे. फार चांगली गोष्ट आहे ती. सुरुवातीला मी "मी आणि माझा मित्र गजानन" म्हणायचो. मग "मी आणि एक मित्र". शेवटी शेवटी "लहानपणी मी एक बैल केला होता." मित्र कधी गळाला, मला कळलंही नाही. की कळलं होतं?

एकदा तू महोत्सवाला आलास. शूटिंगचं ते खिसेवालं जाकीट घालून पहिल्या रांगेत बसलास. एक परदेशी बाई आपल्या मातीच्या फिल्मबद्दल बोलत होती, मी दुभाष्या. तू हात वर केलास. "मध्या, तिले इचार, माती उलत काऊन नाई तिची?" हे मी फार सभ्य करून विचारलं. ती बाई खूश झाली, तेलाबद्दल, मेणाबद्दल बोलत सुटली. नंतर चहाला तिने विचारलं, हे कोण? मी म्हणालो, गावाकडचे ओळखीचे आहेत. तू शेजारीच होतास, कप हातात. इंग्रजी तुला तेवढं कळत होतं. तू बिस्किट बुडवलंस, ते तुटून चहात पडलं, आणि तू म्हणालास, "गेलं बाप्पा!" मी हसलो. सुटलो असं वाटलं मला.

आता घाट संपला. मुद्दा हा.

तू फिल्म केलीस. लग्नं नसतात त्या महिन्यांत, कितीतरी पावसाळे, त्या आतल्या खोलीत. आणि ती आमच्या महोत्सवाला पाठवलीस. पहिल्या चाळणीत एक फिल्म एकाच माणसाकडे जाते. त्याने नाही म्हटलं की ती तिथेच थांबते, बाकीच्यांपर्यंत जात नाही. ओळखीच्या माणसाची फिल्म आली तर तसं सांगून दुसऱ्याकडे द्यायची, असा आमचा नियम आहे. माझ्या यादीत तुझं नाव आलं. मी कुणाला काही सांगितलं नाही. सांगायचं तर ओळख सांगावी लागली असती.

मी ती लावली. पोळ्याची सकाळ, मातीचं गाव, शिंगं रंगवणारी मातीची माणसं. एक दृश्य संपलं की पुढचं बदामाच्या आकारातून उघडत होतं, नवरानवरीच्या फोटोंसारखं. वर सनई, कानठळ्या बसतील अशी. कशी नाकारायची याची वाक्यं माझ्या मनात तयार व्हायला लागली. मग एका मातीच्या म्हातारीने बैलाच्या शिंगाला रंगाचं बोट लावलं आणि बैलाने कान हलवला. नुसता कान.

इतक्या वर्षांत मी शेकडो फिल्मांवर मत दिलं होतं आणि स्वतः एक बोटभर माती हलवली नव्हती. तू कुणी न विचारता हलवत राहिला होतास. आणखी थोडी पाहिली असती तर ती चांगली निघाली असती, आणि मग मला काय करावं लागलं असतं? मी ती अर्ध्यावर बंद केली आणि नकाराची खूण केली. बदामांना हसलो असतो, तर त्याची मी कधीच माफी मागून टाकली असती. त्या कानासाठी मागता आली नाही.

काही दिवसांनी तुझा फोन आला.

"काऊन बे मध्या, आली का माही फिलम?"

"माझ्याकडे नाही आली रे. दुसऱ्या कुणाकडे गेली असेल."

मला वाटलं रेंज गेली.

"हाव," म्हणालास मग. "असंन." आणि वांग्यावर औंदा अळी किती पडली ते सांगत बसलास. त्यानंतरही तुझे फोन येत राहिले. हाताचा वादही चालू राहिला. फिल्मचं नाव तू पुन्हा काढलं नाहीस. माझ्या मनात आलं, विसरला.

त्या दिवशी आतल्या खोलीत वहिनींनी मला एक नकाशा दाखवला. फिल्मची लिंक जिथे ठेवली होती तिथे, मागच्या बाजूला, ती कुठल्या गावातून पाहिली गेली आणि कुठपर्यंत, हे दिसतं. मला माहीत नव्हतं. जन्मभर लोकांच्या लिंका उघडल्या, त्या आपल्यालाही पाहत असतात हे कधी सुचलं नाही. नकाशावर एक ठिपका होता, पुण्यावर. खाली एक निळी रेघ, अर्ध्यावर थांबलेली.

"त्याईनं फिलम धाडली, त्या वक्ताचा हाये हा," वहिनी म्हणाल्या.

"कुणीही असू शकतं, वहिनी." तुझ्या तेरवीच्या दिवशी, तुझ्या खुर्चीत बसून, मी हे म्हणालो.

"मी बी तेच म्हनलं होतं, भाऊजी. तर म्हने, दुसरा असता तर लगेच बंद केली असती, नाई तर पूरी पाह्यली असती. अर्ध्यात उठनारा मले एकच मानूस माहीत हाये."

बाहेर भांडी घासल्याचा आवाज येत होता. मी विचारलं, "चिडला होता?"

"मंग? दोन दिवस ताटावर बसून तसेच उठले. कॅमेरा उचलून आदळाले निंघाले होते, मीच आडवी झाली. मंग एका सकाळी म्हने, जाऊ दे, त्याची गाडी जात असंन."

"मले काऊन नाई बोलला मंग?"

ते माझ्या तोंडून कसं निघालं कुणास ठाऊक. इतक्या वर्षांनी. वहिनींनी कॉम्प्युटरवरची धूळ पदराने पुसली.

"तुमी सोताहून सांगान म्हनून वाट पाहून राह्यले होते," त्या म्हणाल्या.

मी घाईघाईने काहीतरी बोलायला लागलो. महोत्सवात दाखवू, खास खेळ ठेवू, श्रद्धांजली. त्यांनी मला पूर्ण करू दिलं नाही. "आंधी पूरी पाहा. मंग बोला." आणि पडदा ओढून बाहेर गेल्या.

पाहिली, गजा. अर्ध्यापासून नाही, पहिल्यापासून.

मी उठलो होतो त्याच्या थोडंसंच पुढे बैल तोरणाकडे निघतो. चालता चालता तडकतो. या वेळी तू मुद्दाम काळी माती घेतलीस, सगळी माणसं चांगल्या मातीची आणि बैल एकटा वावरातला. शिंग पडतं. पाठ उलते. सनई थांबते, देवाची कृपा. आणि मग पडद्यावर मुंग्या येतात, जुन्या कॅसेटला यायच्या तशा, आणि त्या मुंग्यांतून एक मुलगा हात पुढे करतो. हाताला तांब्याचं कडं आहे.

मामाने वर घेतलेलं ते लग्न बैलाच्या शेवटापर्यंत पोचलंच नव्हतं तर. तेवढा तुकडा उरला होता, आणि तू तो मला कधी सांगितला नाहीस. पाहील तेव्हा कळेल, असं ठरवलं असशील. तो हात क्षणभर दिसतो. तू तो थांबवून ठेवलास. मग दुसऱ्या बाजूने तुझा आत्ताचा हात येतो, शिरा वर आलेला, अंगठ्याच्या नखात माती, आणि दोन्ही हात मिळून ती मान धरतात. बैल कान हलवतो. मग पाटी येते. तिच्यावर दोन नावं, शेजारी शेजारी, एकाच आकारात. माझं पहिलं लिहिलंयस.

ज्या फिल्मवर माझं नाव होतं, तिला मीच नकार दिला होता.

मी बाहेर आलो तेव्हा वहिनी ओट्यावर बसल्या होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं, यादीतल्या तुझ्या नावापासून फोनवरच्या खोट्यापर्यंत. त्यांनी ऐकून घेतलं. मग उठत म्हणाल्या, "चहा ठेवू का?"

पुण्याला परतल्यावर हेच महोत्सवातल्या लोकांना सांगितलं. निवडीच्या कामातून बाजूला झालो. पुढे मला कुणी बोलावेल की नाही, माहीत नाही. तिथे फिल्म दाखवण्याचा हट्ट मी सोडला. कुठे दाखवायची हे वहिनी ठरवतील, आणि त्यांनी ठरवलं आहे: पोळ्याच्या दिवशी, उंद्रीत, शाळेच्या भिंतीवर. मला सांगितलंय, भाऊजी, पहिल्या रांगेत बसा आणि उठायचं नाही.

तू मागच्या बाकावर बसून मला इतके शेवट दिलेस. हा एक तू करून ठेवला होतास आणि मी तो इतकी वर्षं पाहिला नाही. "जात असंन त्याची गाडी," म्हणालास. गाडी कुठलीही जात नव्हती, गजा. मी नुसताच उठलो होतो.

हाताच्या बाबतीत तुझं खरं. राहू दे तो. माझ्याकडून ते भांडण मिटलं. पण ते बदाम, गड्या! आणि ती सनई! ती निम्म्याने कमी करायला हवी होती, हे मी आजही म्हणेन, तुझ्या तोंडावर म्हणेन. आता तुझी पाळी आहे. बोल न बे.